आग लागली की परिचारिका घरी; वरच्यांचं काय होतं?

जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या एका अधिपरिचारिकेनं विचारलं आहे: "भंडाऱ्याला काय झालं, नगरला काय झालं ते आम्ही पाहिलं. दोन्हीकडं ड्युटीवरच्या सिस्टरच आधी घरी गेल्या आणि पोलीसही त्यांच्याकडंच आले. नौदलात म्हणे जहाज आदळलं की कॅप्टन झोपेत असला तरी त्याचं पद जातं. असा नियम आपल्याकडं वरच्या लोकांना का नाही?"

ताई, नियम आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला तिसरा नियम काढून बघा. पर्यवेक्षणाचं पद धारण करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या हाताखालच्या लोकांची सचोटी आणि कर्तव्यपरायणता टिकून राहील यासाठी शक्य ती सगळी पावलं उचलायची आहेत, असं तिथं स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे खालच्याची कसूर झाली तर "तुम्ही काय पावलं उचललीत?" हा प्रश्न वरच्याला विचारता येतो. तसं दोषारोपपत्रही देता येतं. दिलं जात नाही, एवढंच.

का दिलं जात नाही हे सांगतो. विभागीय चौकश्यांमध्ये मी आधी सादरकर्ता अधिकारी (सरकारची बाजू मांडणारा) होतो, नंतर चौकशी अधिकारी झालो आणि आता निवृत्तीनंतर बचाव सहायक (आरोप असलेल्याची बाजू मांडणारा) म्हणून बसतो. तिन्ही खुर्च्यांवरून मला एकच चित्र दिसलं. दुर्घटनेनंतर सरकारला चार दिवसांत कुणावर तरी कारवाई झालेली दाखवायची असते. ज्याच्यावर कारवाई करायला सगळ्यात कमी कागद लागतो, त्याच्यापाशी दोष येऊन थांबतो. यात प्रत्येक वेळी कुणाचा कट असतो असं नाही. प्रक्रियेची रचनाच अशी आहे.

भंडाऱ्याचं उदाहरण घ्या. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात 17 बाळं होती, त्यातली 10 दगावली. विभागीय आयुक्तांच्या समितीचा अहवाल आला आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारनं कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित. अतिरिक्त जिल्हा शल्यचिकित्सकांची बदली. एक वैद्यकीय अधिकारी आणि एक परिचारिका निलंबित. कंत्राटी डॉक्टर आणि कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त. पुढं फेब्रुवारीत पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, तो दोन परिचारिकांवर.

ही यादी वरून खाली वाचा. हुद्दा उतरत जातो तशी शिक्षा चढत जाते. बदली ही शिक्षा नाही. निलंबन हीसुद्धा शिस्त व अपील नियमांप्रमाणं शिक्षा नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवायचं, इतकाच त्याचा अर्थ. निलंबिताला निर्वाह भत्ता मिळतो. शिवाय 2015 मधल्या अजयकुमार चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढं रेटता येत नाही. खरी, कायमची आणि त्याच दिवशी लागू झालेली शिक्षा फक्त कंत्राटी लोकांना झाली, कारण त्यांच्यासाठी एका पत्रावर काम भागतं.

नियमित परिचारिकेला बडतर्फ करायचं तर संविधानाचं कलम 311, म्हणजे चौकशीशिवाय सरकारी नोकराला काढता येत नाही हे संरक्षण, आडवं येतं. दोषारोपपत्र द्यावं लागतं. त्याला चार जोडपत्रं असतात: दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. मग चौकशी, उलटतपासणी, अहवाल, त्यावर अपचाऱ्याचं, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहेत त्याचं, म्हणणं. वर्ग एकचा अधिकारी असेल तर फाईल मंत्रालयात जाते आणि मोठी शिक्षा द्यायची तर लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा लागतो. भारतीय प्रशासन सेवेतला अधिकारी असेल तर राज्य त्याला निलंबित करू शकतं, बडतर्फ करू शकत नाही. तो अधिकार केंद्राचा. आणि मंत्र्याला तर कुठलेच शिस्त व अपील नियम लागत नाहीत. त्याच्यासाठी विधानसभा आहे, निवडणूक आहे आणि त्याची स्वतःची लाज आहे. तिन्हींचा भरवसा सारखा नाही.

या पायऱ्या वाईट हेतूनं घातलेल्या नाहीत. राजकारण्यांच्या मर्जीनं अधिकारी हाकलले जाऊ नयेत म्हणून हे संरक्षण आहे आणि ते काढून टाकावं असं मी कधीही म्हणणार नाही. पण मोठ्या प्रमाणावर कंत्राटी भरती झाल्यानंतर या संरक्षणाचा परिणाम उलटा झाला. ज्याच्या हातात पैसा, मंजुरी आणि माणसं आहेत त्याला सर्वांत जाड कवच. जिच्या हातात रात्रीच्या पाळीतलं थर्मामीटर आहे तिला काहीच नाही.

आता नौदलाचं. तुम्ही ऐकलं ते खरं आहे. 17 जून 2017 रोजी जपानच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेची 'फिट्झगेराल्ड' ही विनाशिका रात्री दीडच्या सुमारास एका मालवाहू जहाजाला धडकली. सात नौसैनिक गेले. कॅप्टन आपल्या केबिनमध्ये झोपले होते. त्यांना हटवण्यात आलं. दोन महिन्यांनी, 21 ऑगस्टला, त्याच सातव्या आरमाराची 'जॉन मॅकेन' ही विनाशिका सिंगापूरजवळ एका टँकरला धडकली आणि दहा जण गेले. पुढच्या दोन दिवसांत सातव्या आरमाराचे प्रमुख असलेले व्हाइस अॅडमिरल पदावरून दूर केले गेले. आरमारप्रमुख तर दोन्ही रात्री त्या जहाजांपासून दूर होते. पण एकाच हुकुमतीखाली इतक्या लागोपाठ दोन जहाजं आदळली, तेव्हा प्रश्न पहाऱ्यावरच्या माणसापुरता उरत नाही. प्रशिक्षण कुणी कमी केलं, विश्रांतीचे तास कुणी खाल्ले, ज्या जहाजाची तयारी अपुरी त्याला समुद्रात कुणी पाठवलं, हे विचारावं लागतं आणि त्याची उत्तरं वर असतात.

इथं दोन गोष्टी बारकाईनं पाहा. पहिली म्हणजे पद काढून घेणं आणि गुन्हेगार ठरवणं हे तिथं वेगळं ठेवलेलं आहे. "आमचा तुमच्यावरचा विश्वास उडाला" एवढ्या कारणावर हुकूमत काढून घेता येते, त्यासाठी कोर्टमार्शल लागत नाही. आपल्याकडं मात्र जिल्ह्याचा प्रमुख हलवायचा म्हटलं की तो शिक्षा समजून प्रशासकीय न्यायाधिकरणात (सरकारी नोकरीतले वाद ऐकणाऱ्या) जातो, आणि शिक्षा द्यायची वेळ आली की बदलीवर भागवतात. दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. 'फिट्झगेराल्ड'च्या कॅप्टनवर पुढं निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा खटलाही सुरू झाला होता. तो टिकला नाही. एक मोठं कारण असं की नौदलाच्या वरिष्ठांनी खटल्याआधीच जाहीरपणे दोष कुणाचा ते बोलून टाकलं होतं आणि त्यामुळं निकालावर वरून दबाव आल्याचं चित्र उभं राहिलं. शेवटी आरोप मागं घेतले गेले आणि निंदापत्रावर प्रकरण मिटलं. आपल्याकडं घटनास्थळी मंत्री माइकसमोर "दोषींना सोडणार नाही, अमुक अमुक निलंबित" म्हणतात ना, त्या प्रत्येक वेळी मला हे आठवतं. ते वाक्य बचाव सहायकाच्या फार उपयोगी पडतं. शिक्षा आधी ठरली आणि चौकशी नंतर झाली हे सिद्ध करायला वर्तमानपत्राचं एक कात्रण पुरतं.

आपल्या नौदलात काय झालं? 14 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट होऊन 18 जण गेले. नंतरच्या महिन्यांत लहानमोठे अपघात होत राहिले. 26 फेब्रुवारी 2014 ला मुंबईजवळच्या समुद्रात चाचण्यांवर असलेल्या 'सिंधुरत्न'मध्ये धूर झाला आणि दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि तो त्याच दिवशी मंजूर झाला. मला त्या माणसाबद्दल आदर आहे. पण मंजुरीच्या त्या वेगाबद्दल नाही. पाणबुडीच्या दुरुस्तीचा पैसा, सुट्या भागांची खरेदी, नव्या पाणबुड्यांचा उशीर हे सगळं संरक्षण मंत्रालयातून जातं. नौदलप्रमुखांकडं जबाबदारी पूर्ण होती, खरेदीचा अधिकार अर्धाही नव्हता. ज्यांच्याकडं तो होता ते जागेवर राहिले.

राजीनाम्याबद्दल आपल्या लोकांच्या मनात फार प्रेम आहे म्हणून थोडं थांबतो. लालबहादूर शास्त्रींचं नाव निघतंच. 1956 साली आधी महबूबनगरला आणि मग नोव्हेंबरात तमिळनाडूतल्या अरियालूरला रेल्वेचे भीषण अपघात झाले. पहिल्या वेळी त्यांचा राजीनामा नेहरूंनी स्वीकारला नाही, दुसऱ्या वेळी स्वीकारला. तोही संसदीय संकेत म्हणून. शास्त्रींचा व्यक्तिशः दोष आहे म्हणून नाही, हे नेहरूंनी सभागृहात सांगितलं. उदाहरण थोर आहे. पण रेल्वेचे पूल आणि रुळ यांची पाहणी कोण करत होतं, याचं उत्तर राजीनाम्यात नसतं. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर 2008 मध्ये केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख असे तिघेही काही दिवसांच्या अंतरानं गेले. आर. आर. पाटील वर्षभरात, निवडणुकीनंतर, पुन्हा गृहमंत्री झाले. लोकांनी निवडून दिलं, त्यात बेकायदा काही नाही. फक्त राजीनामा म्हणजे हिशेब नव्हे. कधीकधी तर तो हिशेबाची वही मिटवायच्या कामी येतो.

हिशेब म्हणजे चौकशी. आणि चौकशीचा निकाल बहुतेक वेळा तिच्या नेमणुकीच्या आदेशातच लागलेला असतो. त्या आदेशात एक परिच्छेद असतो, 'समितीची कार्यकक्षा'. तो वाचला की समिती किती पायऱ्या चढणार ते कळतं. "दुर्घटनेचं तात्कालिक कारण शोधणं" असं लिहिलं असेल तर समितीला शॉर्टसर्किट सापडेल आणि त्या वेळी कक्षात कोण नव्हतं ते सापडेल. "गेल्या तीन वर्षांत या कक्षाच्या सुरक्षेबाबत आलेले प्रस्ताव आणि त्यांवर झालेली कार्यवाही तपासणं" असं लिहिलं असेल तर समितीला मंत्रालयातली फाईल मागवावी लागेल. समिती तीच, माणसं तीच, रुग्णालय तेच. उत्तर वेगळं येईल.

26 नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीचं बघा. तिनं मुंबईच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांचं नेतृत्व त्या रात्री उघडपणे दिसलं नाही असा शेरा मारला. आयुक्त एकाच ठिकाणी थांबले आणि नियंत्रण कक्ष दुसऱ्याकडं राहिला, हा त्यातला मुद्दा होता. शेरा कडक होता आणि मला तो रास्त वाटतो, कारण सेनापतीची जागा कुठं, हा हुकुमतीचा पहिला प्रश्न आहे. पण समिती राज्याची होती. केंद्रीय गुप्तचर संस्थांचं काय चुकलं हे तपासायचा अधिकारच तिच्याकडं नव्हता. त्यामुळं दोषाची शिडी आयुक्तांच्या पायरीवर संपली.

याहून मोठं उदाहरण 1962 चं आहे. त्याला आपला मराठी संबंधही आहे. चीननं एकतर्फी युद्धविराम जाहीर केला त्याच सुमारास, नोव्हेंबर 1962 मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले होते, लष्करप्रमुख थापर गेले, चौथ्या कोअरचे जनरल कौल गेले. मग लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेम भगत यांची चौकशी बसली. प्रशिक्षण, साहित्य, हुकुमतीची रचना, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि कमांडरांची कुवत हे तिचे विषय होते. सेना मुख्यालयाचं आणि त्याच्यावरच्या राजकीय नेतृत्वाचं कामकाज तपासण्याची मुभा तिला नव्हती. पुढं जायचे आदेश दिल्लीतून कसे निघाले, हा त्या पराभवातला मध्यवर्ती प्रश्न होता आणि तोच कार्यकक्षेच्या बाहेर होता. 2 सप्टेंबर 1963 ला यशवंतरावांनी संसदेत अहवालाबद्दल निवेदन केलं, अहवाल मात्र प्रसिद्ध केला नाही. सैन्याचं मनोधैर्य आणि सुरक्षा ही कारणं दिली गेली. नवं सैन्य उभारायचं काम त्यांनी ज्या कौशल्यानं केलं त्याबद्दल दुमत नाही. पण दर वेळी कुणी चौकशीची कार्यकक्षा आखायला बसतं तेव्हा मला तो नमुना दिसतो: हरलेल्या तुकडीपर्यंत चढा, तिच्यावरचा जिना बंद.

तुम्ही म्हणाल, म्हणजे प्रत्येक आगीला मंत्र्याला जबाबदार धरायचं का? नाही. हेही तितकंच धोक्याचं आहे आणि युद्धाच्या कायद्यात याचा अनुभव घेऊन झाला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मनिलात जपानी सैन्यानं भयंकर कत्तल केली. फिलिपिन्समधले जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता तेव्हा उत्तरेच्या डोंगरात होते, त्यांचा संपर्क तुटलेला होता, आणि कत्तलीचा हुकूम त्यांनी दिला असं सिद्ध झालं नाही. तरी सैन्य त्यांचं, त्यांनी आवरलं नाही, एवढ्यावर अमेरिकी लष्करी आयोगानं त्यांना फाशी दिली. 1946 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप केला नाही. दोन न्यायाधीशांनी मात्र खरमरीत विरोधी मत लिहिलं. ही टोकाची जबाबदारी झाली. पदावर असणं हाच गुन्हा.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत कायदा शहाणा झाला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची स्थापना करणाऱ्या रोम कराराचं कलम 28 आज तीन गोष्टी मागतं. त्या माणसाची खालच्यांवर प्रत्यक्ष हुकूमत होती का. त्याला माहीत होतं का, किंवा परिस्थिती पाहता माहीत असायलाच हवं होतं का. आणि त्याच्या हातात असलेले आवश्यक व वाजवी उपाय त्यानं केले का. हे मागणंही सोपं नाही. काँगोतल्या सशस्त्र गटाचे नेते ज्याँ-पिएर बेम्बा यांना 2016 मध्ये याच कलमाखाली दोषी ठरवलं, आणि 2018 मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी ते सुटले. सैन्य परदेशात आणि स्वतः दूर असलेल्या कमांडरच्या हातात नेमके कोणते उपाय होते, हे खालच्या पीठानं नीट तपासलं नाही, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. भारत त्या करारात नाही आणि आपली रुग्णालयं रणांगणं नाहीत. तरीही मी दोषारोप तपासताना हेच तीन प्रश्न विचारतो, कारण वर्तणूक नियमातल्या "शक्य ती सर्व पावलं" या शब्दांचा दुसरा काही अर्थ लागत नाही.

ते तीन प्रश्न नगरला लावू. 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण गेले. दोन दिवसांत जिल्हा शल्यचिकित्सक, दोन वैद्यकीय अधिकारी आणि एक परिचारिका निलंबित, दोन परिचारिकांची सेवा समाप्त. लगेच एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका अटकेत. राज्यभर तुमच्या संघटना रस्त्यावर आल्या, ते तुम्हाला आठवत असेल.

माहीत असायला हवं होतं का? राजकोटच्या कोविड रुग्णालयातल्या आगीनंतर 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना आदेश दिला होता की प्रत्येक कोविड रुग्णालयासाठी अग्निसुरक्षेचा एक जबाबदार नोडल अधिकारी नेमा आणि जिल्हा समितीकडून महिन्यातून किमान एकदा अग्निसुरक्षा तपासणी करून घ्या. तीन आठवड्यांनी भंडारा झालं. त्यानंतर राज्यानंच सगळ्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश काढले. एप्रिल 2021 मध्ये विरारच्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या आगीत 15 रुग्ण गेले. म्हणजे नगरच्या आगीच्या दिवशी राज्यातल्या कुठल्याही वरिष्ठाला "कल्पना नव्हती" म्हणायची सोय उरलेली नव्हती. कायद्याच्या भाषेत ही 'माहीत असायलाच हवं होतं' याची इतकी स्वच्छ केस आहे की मला शिकवायला यापेक्षा चांगली मिळणार नाही.

हुकूमत कुणाची? इथं खरा घोळ आहे आणि तो मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणं जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दर जानेवारी आणि जुलैमध्ये नमुना 'ब' प्रमाणपत्र द्यायचं असतं. सरकारी रुग्णालयाचा मालक कोण? इमारत आणि वायरिंग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं, त्यातही विद्युत शाखा वेगळी. रुग्णालय आरोग्य सेवा संचालनालयाचं. पैसा कधी आरोग्य विभागाचा, कधी जिल्हा नियोजन समितीचा. जिल्हा शल्यचिकित्सक भोगवटादार म्हणून सही करतो, पण स्प्रिंकलर बसवायचे तर अंदाजपत्रक बांधकाम विभाग करणार, तांत्रिक मान्यता तिसरा देणार आणि प्रशासकीय मान्यता मंत्रालयातून येणार. भंडाऱ्यात अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता, आणि नगरला ऑडिट झालं पण सुचवलेली कामं अपुरी राहिली, असं तेव्हाच्या बातम्यांत ठळकपणे आलं होतं. ते खरं असेल तर चौकशीचा पहिला साक्षीदार परिचारिका असूच शकत नाही. ज्या टेबलावर ती फाईल सर्वांत जास्त दिवस थांबली, त्या टेबलाचा अधिकारी पहिला साक्षीदार. मी चौकशी अधिकारी असताना सगळ्यात आधी टिप्पणीच्या कडेच्या तारखा बघायचो. फाईल कोणत्या टेबलावर आठ दिवस होती आणि कोणत्या टेबलावर आठ महिने, हे तारखा बरोबर सांगतात, आणि तारखांची उलटतपासणी घेता येत नाही.

तिसरा प्रश्न, उपाय केले का, याचं उत्तर त्याच फाईलमध्ये असतं. जिल्हा शल्यचिकित्सकानं चार स्मरणपत्रं पाठवली असतील, धोकादायक कक्षातले रुग्ण हलवायची परवानगी मागितली असेल, तर तो सुटायला हवा, आग लागली तरीही. एकही पत्र नसेल तर तो दोषी, आग लागली नसती तरीही. आपल्याकडं हा हिशेब आगीनंतर सुरू होतो ही आणखी एक गंमत.

फौजदारी बाजूला मी फार जात नाही, ते माझं क्षेत्र नव्हे. एवढंच लक्षात घ्या की गुन्ह्यासाठी वरच्या माणसाचा कृत्याशी थेट संबंध दाखवावा लागतो. भोपाळच्या वायुगळती प्रकरणात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या भारतीय प्रमुखांवरचा सदोष मनुष्यवधाचा आरोप काढून निष्काळजीपणावर आणला, आणि 2010 मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. सरकारी नोकराच्या बाबतीत तर खटल्याआधी सरकारची मंजुरी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं समजायची तरतूद आली, हे त्यातल्या त्यात बरं. कंत्राटी परिचारिकेसाठी त्या मंजुरीचं कवच मिळेल का, यावरच वकिलांना भांडावं लागतं. विरारला पोलीस रुग्णालयाच्या प्रशासनाच्या वरच्या फळीपर्यंत पोहोचले, कारण तिथं मालक कोण हे एका कागदावर लिहिलेलं होतं.

आणि वेळ. हे फार कमी लोकांना माहीत असतं. निवृत्तिवेतन नियम, 1982 मधल्या नियम 27 प्रमाणं निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यावर चौकशी सुरू करायची तर शासनाची मंजुरी लागते, आणि घटना चौकशी सुरू होण्याआधीच्या चार वर्षांच्या आतली असावी लागते. माणूस मोठ्या पदावर पोहोचतो तेव्हा त्याची निवृत्ती जवळ आलेली असते. खालची परिचारिका तिशीत असते. चौकशी लांबली की वरचा आपोआप बाहेर पडतो आणि खालची आत राहते. त्यासाठी कुणाला लाच द्यावी लागत नाही. दोन तारखा पुढं ढकलल्या की पुरे.

एक उपाय नियमांतच आहे आणि तो वापरला जात नाही: एकत्रित कार्यवाही. एकाच घटनेत अनेक कर्मचारी गुंतलेले असतील तर सगळ्यांची चौकशी एकत्र करता येते. त्यासाठी त्यातल्या सर्वांत वरच्या माणसाला बडतर्फ करू शकणाऱ्या प्राधिकाऱ्याचा आदेश लागतो. नेमकं तेच टाळायला प्रकरणं तोडली जातात. परिचारिकेची चौकशी उपसंचालक स्तरावर, डॉक्टरची मंत्रालयात, अभियंत्याची तिसऱ्याच विभागात. मग प्रत्येक जण आपल्या चौकशीत गैरहजर असलेल्या दुसऱ्यावर ढकलतो आणि शेवटी जी हजर असते तिच्यावर येतं. एका आश्रमशाळेतल्या विषबाधेच्या प्रकरणात स्वयंपाकीण, अधीक्षक आणि धान्य मंजूर करणारा अधिकारी यांच्या तीन वेगळ्या चौकश्या चालू होत्या. तिन्ही अहवाल स्वतंत्रपणे बरोबर होते. एकत्र ठेवले तर त्यातून धान्य कुणीच विकत घेतलं नव्हतं असं निघत होतं.

म्हणून तुमच्यापुरतं, आणि तुमच्या संघटनेपुरतं सांगतो.

धोका दिसला की तोंडी सांगू नका. साध्या कागदावर, तारीख घालून, पदनामानं लिहा: अमुक कक्षातला वॉर्मर ठिणग्या टाकतो, एक्स्टिंग्विशरची मुदत संपली आहे, रात्रपाळीत इतक्या बाळांना एकच परिचारिका आहे. आवक शाखेचा शिक्का आणि क्रमांक आपल्या प्रतीवर घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर रजिस्टर पोस्टानं पाठवा किंवा कार्यालयीन ईमेलवर टाका. व्हॉट्सअॅप गटातला संदेशही ठेवा, पण त्यावर विसंबू नका. त्या क्षणी 'माहीत नव्हतं' हे वरच्याचं उत्तर संपतं. हा कागद तुम्हाला वाचवतो त्यापेक्षा जास्त तो जबाबदारी जिथली तिथं नेऊन ठेवतो.

दोषारोपपत्र आलंच तर "मी निर्दोष आहे" एवढंच लिहून परत देऊ नका. अतिरिक्त कागदपत्रांची मागणी करा आणि त्यात मागच्या तीन वर्षांचे अग्निसुरक्षा प्रस्ताव, त्यावरच्या टिप्पण्या, नमुना 'ब' प्रमाणपत्रं, बांधकाम विभागाचा पत्रव्यवहार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणं नोडल अधिकारी नेमल्याचा आदेश मागा. चौकशी अधिकाऱ्यानं नाकारलं तर नकाराचं कारण लेखी घ्या. पुढं न्यायाधिकरणात तो नकारच तुमचा मुद्दा होतो. बचावाचे साक्षीदार म्हणून वरिष्ठांची नावं पदनामासह द्या. बहुतेक जण घाबरून देत नाहीत. नियम देऊ देतो.

आणि दुर्घटनेनंतर पहिल्या दोन दिवसांत संघटनेनं निलंबन मागं घ्या म्हणून मोर्चा काढण्याआधी एक पत्र जिल्हाधिकारी आणि आरोग्य सचिव यांना द्यावं. मागणी एकच: चौकशी समितीची कार्यकक्षा जाहीर करा, आणि तिच्यात प्रस्ताव, मंजुरी आणि निधी यांचा प्रवास तपासण्याचा स्पष्ट उल्लेख करा. समितीचा आदेश निघून दोन दिवस झाले की ही मागणी कुणी ऐकत नाही. तो निघण्याच्या आधी, माइक अजून गेटबाहेर असतात तेव्हा, ऐकावी लागते.